रोज धुतलेला खडक

रविवार, २ मार्च १९८६

विशाखा, तू विसरशील म्हणून पहिल्या ओळीलाच सांगून ठेवते: मी तुझी आजी, सरजाबाई. हे लिहून राहिली ती तुझी आई, नागुबाई. आणि आज सकाळच्या नांदेड गाडीनं तू जिथून गेलीस ते तुझं गाव. तुझा काही नेम नाही. मागल्या खेपेला चष्मा विसरलीस. त्याच्या आधी एका पायात तुझी आणि एका पायात आईची चप्पल घालून गेलीस. या खेपेला तर हातोडाच राहिला. दगडाची परीक्षा देणारी पोरगी, आणि हातोडा चुलीपाशी. तुझ्या आईनं आज त्यानं शेंगा फोडल्या.

आणि वरून मलाच काम सांगून गेलीस. "आजी, परीक्षा होईपर्यंत खिंडीतल्या खडकावर ध्यान ठेव, जे होईल ते आईकडून वहीत लिहून घे." मला अक्षर येत नाही, तिला येतं. सातवी शिकल्याचा तोरा आता माझ्या तोंडावर काढून राहिली. मी म्हणते 'न्हाई', ही लिहिते 'नाही'. मी म्हणते 'इशाखा', ही लिहिते 'विशाखा'. बोलणं माझं, कपडे हिचे.

खडक कोणता तेही सांगते, विसरली असशील. निलंग्याच्या रस्त्याला, आपल्या बौद्धवाड्याच्या पुढं खिंड लागते. ती आम्हीच फोडली, बहात्तरच्या दुष्काळात. खाली काळा दगड, वर काळा दगड, मधी हातभर पिवळट पट्टा, दोन भाकरीत पिठलं भरावं तसा. त्या पट्ट्याला बसून मी सरकारनं कामावर वाटलेली सुकडी खायची. तू सात वर्षांची. दगडाला नाक लावून म्हणालीस, "आजी, सुकटीतली शिंपली ह्यात बी हाय." कारण त्याच्या आदल्या वर्षी बाजारातली सुकट निवडताना सुपात नखाएवढी शिंपली निघाली होती. मी ती उकिरड्यावर फेकली आणि तू जाऊन उचलून आणलीस. ती समुद्राची असते हे तुला कुणीतरी शाळेत सांगितलं. तेव्हापासून तुझ्या डोक्यात समुद्र. आपल्या घरात कुणी समुद्र बघितला नाही, तरी.

आणि तुझे नांदेडच्या कॉलेजातले सर भर वर्गात म्हणाले, "लातूर जिल्ह्यात समुद्र? प्यायला पाणी नाही तिथं." सगळा वर्ग हसला. मला सांगताना तूही हसलीस. मी हसले नाही. मग म्हणाले, सुटा दगड कुणी कुठूनही आणील, खडक जागेवर दाखव, परीक्षा संपली की येतो.

जागेवर. म्हणजे खडक तोवर जागेवर पाहिजे. आणि जिल्हा झाल्यापासून सायबांना रस्ता रुंद करायचा आहे. चार वर्षं झाली जिल्ह्याला, नळ नाही आला, पण चुना आला. खिंडीत आजच खुणा मारून गेलेत.

मंगळवार, ४ मार्च

खडक आहे तिथं आहे. कुठं जाणार.

आज टँकर आला. हंडा भरताना पारूबाईनं विचारलं, "सरजामाय, तुमची इशाखा खिंडीत दगडं काहून हुंगत होती?"

मी म्हटलं, "हुंगत न्हाई, शिकून राहिली. आपल्या खिंडीतल्या दगडात शंख हाय."

"शंख?"

"हाव. एक न्हाई, लई." मोठ्यानं म्हटलं, टँकरवाल्यालाही ऐकू जावं म्हणून. वरच्या आळीच्या अण्णारावचा गडी लिंबाजी तिथं घागर घेऊन उभा होता. त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. कसले शंख, किती मोठे, आतून आवाज येतो का. मी म्हटलं, तू कान लावून बघ. लई दिवसांनी आपल्या घरातलं काहीतरी वरच्या आळीच्या माणसानं दोनदा विचारलं, मला बरं वाटलं.

नागुबाई म्हणते, "आत्याबाई, गोगलगाय म्हणायचं होतं. विशाखा तेच म्हणत होती, गोगलगायीची घरं." मी म्हटलं, नात नांदेडला जाऊन गोगलगायी शोधते, असं सांगू का गावाला? ती गप बसली. गप बसणं हिला चांगलं जमतं.

शुक्रवार, ७ मार्च

ओव्हरसियर येऊन फीत लावून गेला. खिंडीच्या वरच्या अंगाला अण्णारावची विहीर आहे, ती रुंदीत जाते. पट्ट्याच्या दरडीला सुरुंग लागणार, विहिरीचा काठ ढासळणार. अण्णाराव दुपारभर बाभळीखाली बसून खुणांकडं बघत होता. विहिरीत पाणी नाही, पण पाईप आहे, मोटार आहे, मोबदल्याचं भांडण आहे.

मी पट्टा बघून आले. शंख जागेवर आहेत.

सोमवार, १० मार्च

नागुबाई, सगळं लिही. एक शब्द गाळला तर उद्याची भाकर तू थाप.

महाशिवरात्रीला खडकाला शेंदूर फासला. सगळा पट्टा, हातभर उंच, तेलात कालवून, पातेलंभर. खाली नारळ फोडलेला, फुलं, ऊदबत्ती. दोन विटांवर एक दिवा. खिंडीतून जाणारी गाडी थांबते, ड्रायव्हर हात जोडतो. लिंबाजी सांगून राहिला, महादेवाचा शंख सापडला, सपनात दृष्टांत झाला होता. कुणाच्या सपनात? अण्णारावच्या.

चौदा वर्षं त्या दगडावर आम्ही बसलो. लेकरांना पाजलं. घाम पुसला. शिंकरलो. तेव्हा कुणाला सपन पडलं नाही.

ओव्हरसियर आला, शेंदूर बघून डोक्याला हात लावला. म्हणाला, "देवस्थान झालं, आता वरून विचारावं लागंल." कागद लातूरला गेला. म्हणजे अण्णारावची विहीर वाचली. देव त्याच्या विहिरीपुरताच प्रकट झाला.

कुणाच्या तोंडून निघाला हा शंख, कुणी उठवलं हे, त्याची जीभ झडो.

[लिहिलं. सगळं लिहिलं. — नागुबाई]

बुधवार, १२ मार्च

काल गेले नाही, रागात घरीच बसले. आज गेले. तू म्हणाली होतीस पट्टा ठिसूळ आहे, शंख दुखावले तर सरांना काय दाखवशील. म्हणून पदरानं कोपऱ्यातला शेंदूर पुसला आणि बोट लावून बघितलं. शंख होते.

लिंबाजी ओरडत आला. "माय, काय केलं. देव बाटला."

मी म्हटलं, "ह्याला माझ्या छिन्नीनं उघडं केलं तवा न्हाई बाटला?"

अण्णाराव स्कूटरवर आला. तो ओरडत नाही. तो हसून बोलतो, म्हणून मला जास्त राग येतो. म्हणाला, "सरजाबाई, जमाना बदलला. आम्ही काही मानत नाही. घरी या, चहा घ्या, कपबशी सगळ्यांना एकच. पण हे देवाचं आहे ना. लोकांच्या मनाचा विचार करावा लागतो."

मी म्हटलं, "मी कोणत्या लोकांत येते, अण्णाराव?"

तो म्हणाला, "तुमचा मान आहेच." आणि लिंबाजीला म्हणाला, "धू."

धुतला, विशाखा. आमच्यासमोर. दोन घागरी टँकरचं पाणी, त्यात गोमूत्र. राखेनं, नारळाच्या काथ्यानं खसाखसा. बाटलेला शेंदूर राहू नये म्हणून सगळा खरवडला. पाणी रस्त्यावरून वाहत आपल्या वस्तीकडं आलं आणि धुळीत मुरलं. काल पारूबाईच्या लेकरानं पाण्यावाचून ताप काढला. मी बघत उभी राहिले.

गुरुवार, १३ मार्च

आज लांबून बघितलं. नवा शेंदूर लावलाय, पण अर्धाच. पातेलंभर शेंदूर रोज कोण देणार. आणि राखेनं घासलेल्या जागी शंख असे उठून दिसतात की काय सांगू. तुझ्या हातोड्यानं, ब्रशानं, आठ दिवसांत झालं नसतं तेवढं लिंबाजीनं घटकाभरात केलं. फुकट.

मी रस्त्याच्या या बाजूला बसून विचार केला. मग उठले आणि जाऊन पूर्ण तळवा खडकावर ठेवला. सावकाश. लिंबाजी बघतोय ना, हे आधी बघितलं.

मंगळवार, १८ मार्च

रोज सकाळी जाते, हात लावते, समोरच्या मैलाच्या दगडावर बसते. लिंबाजी घागर आणतो, धुतो. मी सांगते, "डाव्या कोपऱ्यात राहिलं बघ. खालून वर घास, आडवं घासू नको, शंख तुटंल."

काल तो म्हणाला, "सरजामाय, एक दिवस तरी दम खा. खांदा निखळला माझा."

"देवाला रजा माग."

"तुला काय मिळतं गं ह्यात?"

"तुला काय मिळतं?"

तो म्हणाला, "भाकर." मग त्याच्यावर चिडायचं राहून गेलं. म्हणून अण्णारावच्या वाटणीचं जास्त चिडले.

आता शेंदूर टिकलीएवढा उरलाय. वरच्या आळीच्या बायाच कुरकुरून राहिल्यात, देवाला दोन घागरी, आम्हाला एक.

तुझं पोस्टकार्ड आलं. "आजी, भांडू नकोस, शांत राहा, नुसतं बघ." विशाखा, नुसतं बघून आपल्या बापजाद्यांना काय मिळालं ते तुझ्या पुस्तकात नसेल तर मी सांगते, इकडं ये. तिकडं सर हसले तर तूही हसतेस, इकडं मला शांत राहा म्हणतेस. खडक तुझा आहे का माझा?

[हे कठोर आहे, गाळू का विचारलं. नको म्हणाल्या. — नागुबाई]

सोमवार, २४ मार्च

टँकर आपल्याकडं आला नाही. वरच्या आळीला उभा राहिला आणि तिथूनच वळला. टँकर कुठं थांबवायचा हे अण्णाराव सांगतो. ड्रायव्हर म्हणाला, "वस्तीजवळचा रस्ता देवाच्या पाण्यानं चिखल झालाय, चाक फसतं." चिखल. या उन्हात.

सांच्याला पारूबाई दारात आली. बसली नाही. "सरजामाय, तुमच्या नातीच्या शंखांपायी आमचे हंडे कोरडे. लेकराला काय पाजू, तुमचा समुद्र?"

मी म्हटलं, "अण्णारावला विचार."

"त्याला इचारून काय, त्याला लाज न्हाई. तुम्हाला हाय, म्हणून तुम्हाला इचारून राहिले."

विशाखा, हिच्यावर चिडता येईना. ती गेल्यावर मी चुलीवर चिडले, मांजरावर चिडले, नागुबाईवर चिडले. म्हटलं, तू तर तोंड उघडूच नको, तुझ्यासारख्या सगळ्या बाया असत्या तर आपण अजून गळ्यात मडकं बांधून फिरलो असतो. ती पदरानं हात पुसत बाहेर गेली. मीठ मागून आणते म्हणाली. मिठाला किती वेळ लागतो? चार घरं हिंडून आली आणि मीठ आणलंच नाही. डब्यात मीठ होतं, ते नंतर मला दिसलं. डोकं ठिकाणावर नाही बाईचं. हे तुझं विसरणं कुठून आलं ते मला आज कळलं.

मंगळवार, १ एप्रिल

खडकाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. मी हात घातला तर कोपरापर्यंत ओरबाडलं. पोचला नाही. लिंबाजी म्हणाला, "जाऊ दे माय, रक्त निघून राहिलं." पुन्हा जाडजूड शेंदूर फासलाय. येत्या रविवारी निलंग्याचा ईश्वरप्पा, किराणावाला, मोठा शिवभक्त, पितळी घंटा बांधायला येणार.

त्याच रविवारी तू आणि सर येणार.

चार दिवस झाले, खडक झाकलेला आहे. सर लांबून बघतील, शेंदूर बघतील, हसतील. देवाला हात कोण लावू देणार? मला झोप नाही. नागुबाई मात्र रोज मीठ मागायला जाते.

शनिवार, ५ एप्रिल

आज जे झालं ते मी सांगते, आणि नागुबाई, तू मधी बोलू नको.

सकाळी रोजगार हमीच्या कामावर बाया चालल्या होत्या. रोजची वाट, खिंडीतून. मी मैलाच्या दगडावर बसलेली, हाताला हळद लावून. पुढं पारूबाई. ती कुंपणापाशी थांबली. टोपल्यातला विळा काढला आणि काटी ओढून बाजूला केली. लिंबाजी म्हणाला, "ए पारू." ती म्हणाली, "टँकर थांबत न्हाई, मग आम्ही बी थांबत न्हाई." आणि शेंदरावर तळवा ठेवला. तिच्यामागची आली, तिनं ठेवला. तिच्यामागची. एकेक तळवा ठेवायची, पदराला पुसायची, फावडं उचलायची आणि पुढं चालायची. हजेरीला उशीर होतो ना.

सगळ्यात शेवटी नागुबाई. माझ्याकडं बघितलंही नाही.

दुपारी अण्णाराव आला. आज तो हसला नाही. उद्या ईश्वरप्पा घंटा घेऊन येणार, बाटलेल्या देवाला तो घंटा बांधायचा नाही. "धू," अण्णाराव म्हणाला. "सगळा. आतून बाहेरून." घरच्या पिण्याच्या पाण्याचा पिंप उतरवला गाडीतून. लिंबाजी आणि आणखी दोघं दिवस मावळेस्तोवर घासत होते. चिंच लावून. देवघरातली भांडी घासतात तसं.

शेंदूर संपलेला. तो ईश्वरप्पाच घेऊन येणार.

मला बघून बायांना चेव आला. वेळ लागतो, पण शेवटी म्हातारीचं बघूनच शिकतात. नागुबाई हे लिहिताना खाली मान घालून हसून राहिली. हिच्या नखात अजून शेंदूर आहे.

रविवार, ६ एप्रिल

हे सगळं तू बघितलंस, तरी लिहिते. तू विसरशील.

सकाळच्या गाडीनं तुम्ही उतरलात. सर बारीक माणूस, धोतरासारखी ढगळ पँट. खिंडीत आल्यावर थबकले. पट्टा पितळेसारखा उजळलेला. म्हणाले, "विशाखा, इतका स्वच्छ केलात? किती दिवस लागले?" तू माझ्याकडं बघितलंस. मी लिंबाजीकडं बघितलं. लिंबाजीनं खांदा चोळला.

सर पोटावर निजले रस्त्यात. डोळ्याला भिंग. तू शेंगा फोडलेला हातोडा घेऊन शेजारी. मी उन्हात उभी. हातोडा वाजला की वाटे, आता निघाला समुद्र.

तेवढ्यात ईश्वरप्पा आला, जीपमधून. मागं अण्णाराव. घंटा लाल फडक्यात. ईश्वरप्पानं चप्पल काढली, लांबूनच हात जोडले आणि दंडवत घालणारा पुजारी समजून सरांना म्हणाला, "महाराज, शंख किती जुना असंल?"

सर उठले, कपडे झटकले. "शंख नाही हो. गोगलगाय. तळ्याच्या चिखलातली."

"गोगलगाय?"

"हो. किडाच म्हणा ना. मऊ अंगाचा. कवच तेवढं दगड झालं."

ईश्वरप्पानं अण्णारावकडं बघितलं. "आम्ही अंड्याला शिवत नाही, अण्णाराव. तुम्ही मला गोगलगायीला घंटा बांधायला आणलं?" घंटा परत जीपमध्ये. लाल फडकं सुद्धा.

लिंबाजी पुटपुटला, "सहा नारळ फोडले की मी."

मी लई हसले असते. पण मी ऐकलं होतं. तळ्याच्या चिखलातली. तूही ऐकलं होतंस. तू खाली बसलीस, हातोडा मांडीवर.

सर म्हणाले, "विशाखा, हे गोड्या पाण्यातले जीव आहेत. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे दोन थर साचले, त्यांच्या मधल्या काळात इथं तळं होतं. समुद्र नाही. पण नोंद पक्की आहे, जागेवरची आहे, शोध तुझा आहे. तुझ्या नावानं लिहायचं हे." ते हसले नाहीत. ते चांगलंच बोलले, मला कळतंय. तू मान हलवलीस. तुझे डोळे कुठं होते ते मी बघितलं.

मी सरांवर चिडले. म्हटलं, नीट बघा, एखादा तरी समुद्राचा असंल. ते म्हणाले, आजी, एकही नाही. एवढं रक्त काढलं, एवढ्या घागरी वाहिल्या, पारूबाईचं लेकरू तहानलं, आणि निघालं काय, तळं.

तुम्ही दगड बांधून घेतलात, दुपारच्या गाडीनं गेलात. या खेपेला तू काही विसरली नाहीस. हातोडा नाही, चष्मा नाही, चप्पल नाही. त्यावरून मला कळलं, तुझं मन ठीक नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

देव सरकला. खडकापासून वीस हात वर, अण्णारावच्या विहिरीच्या बरोब्बर समोर, साध्या काळ्या दगडाला आज शेंदूर लागलाय. त्यात शंख नाही, गोगलगाय नाही, काही नाही. नुसता दगड. तरी ओव्हरसियरनं डोक्याला हात लावला.

आणि आपल्या पट्ट्यावर आता देव नाही, म्हणून त्याला सुरुंग लागणार. गुरुवारी. अण्णारावच्या देवानं महिनाभर सुरुंग लांबवला म्हणून तुझे सर खडक जागेवर बघू शकले, हे मी मेले तरी बोलणार नाही. नागुबाई, हे लिहू नको.

[लिहिलं. — नागुबाई]

टँकर आज वस्तीला थांबला. लिंबाजी पुढं चालत आला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "हितं लाव." अण्णारावनं सांगितलं का त्यानं स्वतःच, मी विचारलं नाही.

गुरुवार, १० एप्रिल

सुरुंग झाला. पट्टा गेला. धूर बसल्यावर मी आणि नागुबाई जाऊन पदरभर तुकडे वेचून आणले. पारूबाईनंही आणले, लेकराला खेळायला. मुकादम म्हणाला, खडी सरकारी आहे. मी म्हटलं, गोगलगायी माझ्या आहेत.

आता माझं ऐक. दोन दिवस मी चिडून बसले होते, समुद्र निघाला नाही म्हणून. आज तुकडे धुताना नागुबाईनं पाणी बेतानं वापरलं, तांब्याच्या तळाशी उरलेलं, आणि मग तेच तुळशीला घालावं तसं लिंबाच्या रोपाला घातलं. तेव्हा डोक्यात आलं. गोडं पाणी होतं इथं. आम्ही हंडे घेऊन जिथं उभ्या राहतो तिथंच. कुणाच्या विहिरीत नव्हतं, कुणी टँकर वळवत नव्हतं. गोगलगायी पोटभर पीत होत्या आणि त्यांच्यामागं कुणी तळं धूत नव्हतं. समुद्राचं पाणी तर पिताही येत नाही. तू रडतेस कशाला, त्यापेक्षा चिड. मी अजून चिडलेली आहे, हे गोडं पाणी कुठं गेलं म्हणून. ते शोध पुढं.

समुद्राचं मी बघते. मागल्या खेपेसारखी अर्धापूरची केळी पाठवू नको, कंडक्टर त्यावर बसतो. नांदेडच्या बाजारातून पावशेर सुकट पाठव. कागदात नको, वास सुटला तर गाडीतून उतरवतील. डब्यात घाल आणि वरून फडकं बांध. आणि दुकानदार विचारेल, निवडलेली देऊ का. नको म्हण. जशी समुद्रातून आली तशी, मातीसकट पाठव. सुपात मी निवडते. शिंपली निघाली तर या वेळी फेकणार नाही.